आधी उघडलेली पोपटी

दिवाळीनंतर चौथ्या दिवशी सहदेवने गॅसवर रिकामं पातेलं ठेवलं आणि त्याच्यासमोर पाट घेऊन बसला. शेवंती अंधेरीची पोळ्यांची कामं आटपून घरी आली तेव्हा पातेलं काळंनिळं पडलं होतं आणि खोलीत तापल्या पत्र्याचा वास कोंडला होता.

"काय करताय हो?" तिने गॅस बंद करत विचारलं.

"चहा ठेवलाय," सहदेव म्हणाला. "कधीचा बसलोय. उकळी म्हणून येत नाय."

त्याच संध्याकाळी निलेशने, म्हणजे त्यांच्या मुलाने, दाराला बाहेरून कडी लावायचं ठरवलं. त्याचंही अगदी चुकलं असं कुणी म्हणू नये. जोगेश्वरीच्या त्या चाळीत भिंतीला भिंत लागून चाळीस खोल्या. निलेश सहाला शूटिंगवर जायचा, सून ऋतिका साडेआठला तिच्या लॅबमध्ये, शेवंती नऊला कामावर. नऊ ते एक म्हातारा एकटा. त्या चार तासांत त्याने काय पेटवलं असतं कुणी सांगावं.

पहिल्या दिवशी सहदेवने दार ओढून पाहिलं आणि शेजारच्या राधाला हाक मारली. "राधा, दार अडकलंय गं. जरा ढकल."

"अडकलं नाय बाबा," राधा बाहेरून म्हणाली. "निलेशदादाने सांगितलंय, उघडायचं नाय म्हणून."

त्यानंतर त्याने परत हाक मारली नाही. संडास चाळीच्या टोकाला, म्हणून शेवंतीने मोरीत एक बादली ठेवली आणि तिच्यावर फळी टाकली. अकरा वर्षं गिरणीत, मग पंचवीस वर्षं मरोळच्या एका कंपनीच्या गेटवर वॉचमन म्हणून काढलेला माणूस. इतकी वर्षं दुसऱ्यांची दारं त्याने बंद केली. आता तो फळीखालची बादली बघत आत बसायचा. शेवंतीला कामावर पोळी लाटतानासुद्धा ती फळी दिसायची आणि तिचा जीव तुटायचा.

तसा तो सारखाच गोंधळलेला नसायचा. इथेच तर सगळ्यांचा घोटाळा होत होता. चार-चार दिवस अगदी झकास जायचे. रोह्याकडच्या गावातलं कुठलं शेत कुणाचं, कुणाच्या लग्नात कोण रुसलं, सगळं धडाधडा सांगायचा. आणि पाचव्या दिवशी स्वतःच्या चपलेकडे बोट दाखवून विचारायचा, "ही कुणाची गं?"

पौषात निलेश एक बातमी घेऊन आला. तो शूटिंगला सेटिंगचं काम करायचा, म्हणजे हवं तिथे खोटं घर, खोटी विहीर उभी करून द्यायची. मढला समुद्राकाठच्या एका बंगल्यात मसाल्याची जाहिरात होणार होती. गावचे आजोबा पोपटी लावतात, म्हणजे मडक्यात वालाच्या शेंगा भरून जाळात शिजवतात, शहरातली नातवंडं भोवती बसून खातात, असं काहीसं. पोपटी लावणारा माणूस त्यांना मिळत नव्हता.

"मी बाबांचं नाव सांगितलंय," निलेश म्हणाला.

"बाबांना?" ऋतिका म्हणाली. "जाळाजवळ? तू बरा आहेस ना?"

"पोपटी त्यांच्या हातातली आहे. झोपेतपण लावतील."

शेवंती भाजी निवडत होती. ती मान वर न करता म्हणाली, "नीट लावली तर कडी काढशील?"

"बघू."

"बघू नको. बोल."

निलेशने बायकोकडे पाहिलं, मग कोपऱ्यात बसलेल्या बापाकडे. सहदेव ऐकत होता की नाही ते त्याच्या चेहऱ्यावरून कळत नव्हतं. "ठीक आहे," निलेश म्हणाला. "नीट पार पडली तर दुसऱ्या दिवसापासून कडी नाही."

वालाचं तसं यंदा वाटोळंच झालं होतं. मार्गशीर्षात अवकाळी पाऊस आला आणि गावाला निम्मा फुलोरा झडून गेला. सहदेवच्या धाकट्या भावाने, कुंडलिकने, इकडून तिकडून मागून कशीबशी एक गोणी शेंगा एसटीने पाठवल्या. भांबुर्डीचा पाला मात्र तो विसरला. पाल्याशिवाय पोपटी म्हणजे नुसत्या भाजलेल्या शेंगा. चाळीच्या मागच्या मोकळ्या प्लॉटवर दरवर्षी भांबुर्डी उगवायची, पण तिथे आता बिल्डरने पत्रे ठोकले होते. सहदेव पत्र्याच्या फटीला डोळा लावून उभा राहिला. वॉचमन म्हणाला, "क्या देखता है चाचा, चलो." आयुष्यभर जे आपण दुसऱ्यांना सांगितलं ते ऐकून तो निमूट फिरला.

मग शेवंती त्याला घेऊन आरेच्या जंगलाच्या कडेला गेली. तिथे रस्त्यालगत तीन-चार तऱ्हेचं रान माजलं होतं, सगळं एकाच हिरव्या रंगाचं. सहदेव वाकून एकेक पान दोन बोटांत चुरडायचा, नाकाशी न्यायचा आणि टाकून द्यायचा. एक पान त्याने नाकाशी धरून ठेवलं. "ही," तो म्हणाला. तासाभरात दोन पिशव्या भरल्या, त्यात एकही चुकीचं पान नव्हतं. शेवंतीने घरी येऊन सगळा पाला पसरून तपासला होता. तपासल्याची तिला नंतर लाज वाटली.

शूटिंगच्या दिवशी दोघं निलेशच्या टेम्पोतून मार्वे रस्त्याने मढला पोचली. सहदेवने पहाटेच दगडाने हात घासून लख्ख केले होते, धुतलेला सदरा घातला होता. बंगल्याच्या अंगणात निलेशच्या लोकांनी गाव केलं होतं. कुडाची झोपडी, तिला मागची भिंतच नाही. बैलगाडीचं एकच चाक. सहदेव झोपडीच्या पुढून आत शिरला, मागून बाहेर आला आणि थांबला.

"पडली वाटतं," तो शेवंतीला म्हणाला.

"बांधलीच तेवढी हाय."

कानात यंत्र आणि हातात कागदांची चळत असलेली गार्गी नावाची मुलगी धावत आली. डायरेक्टर धवल लांब छत्रीखाली बसलेला, तो बोलायचा आणि ही ते येऊन सांगायची. तिने सहदेवला एका दुसऱ्या म्हाताऱ्याशेजारी उभं केलं. त्या म्हाताऱ्याने कोरं धोतर आणि बंडी घातली होती. तो नट होता.

"काका, चेहरा यांचा असणार आणि हात तुमचे," गार्गी म्हणाली. "जवळून दिसणारं सगळं काम तुम्ही करायचं. फक्त सदरा काढा, यांच्यासारखी बंडी घाला."

सहदेवने चार माणसांत सदरा काढला. मेकअपवाला आला, त्याने सहदेवचे घासलेले हात बघितले आणि डबीतली माती काढून त्यावर चोळली. नखांत काळं भरलं. "शेतकऱ्याचे हात दिसायला पाहिजेत ना," तो म्हणाला. सहदेव आपले हात दुसऱ्या कुणाचे असावेत तसे पुढे धरून उभा राहिला.

"पहिला शॉट, मडकं उघडायचा," गार्गी म्हणाली.

"कुठलं मडकं?"

"हेच."

"हे अजून भरलं नाय."

"हो काका, ते नंतर. आधी उघडायचं, दुपारी भरायचं, मग जाळ. जाळ संध्याकाळच्या उजेडात हवाय."

"आधी उघडायचं," सहदेव म्हणाला.

"हो."

"मग भरायचं."

"बरोबर."

"आणि मग लावायची."

"एकदम बरोबर."

सहदेवने वळून शेवंतीकडे पाहिलं. ती माडाखाली शेंगांच्या गोणीला टेकून बसली होती. ही नजर तिच्या ओळखीची होती. आज मंगळवार का, मी जेवलो का, ही चप्पल कुणाची, हे सगळं तो याच नजरेने विचारायचा. माझं डोकं फिरलंय की यांचं, एवढंच त्याला कळायला हवं होतं.

"ती म्हणते तसंच हाय," शेवंती म्हणाली. म्हणताना तिचंही डोकं चक्रावलं होतं.

निम्मी गोणी चटईवर ओतली. कच्च्या शेंगांवर कुणीतरी तेल फवारलं, पाल्याला काळा रंग मारला, एका यंत्राने मडक्यातून धूर सोडला. सहदेवच्या हातांनी मडक्याच्या तोंडातला पाल्याचा बोळा ओढला, शेंगा घरंगळल्या. नटाने एक शेंग सोलली, दाणा तोंडात टाकला, डोळे मिटले आणि म्हणाला, "वा. काय शिजलीय." मग त्याने तो कच्चा दाणा कागदात थुंकला. हे सहा वेळा झालं. सहा वेळा तो वा म्हणाला आणि सहा वेळा थुंकला.

"ह्या शेंगांचं आता काय?" शेवंतीने विचारलं.

"त्यावर केमिकल आहे, खाऊ नका," एक जण म्हणाला आणि चटईसकट गुंडाळून घेऊन गेला. अवकाळीतून वाचलेल्या निम्म्या शेंगा अशा गेल्या.

दुपारी भरायचं काम निघालं. आता मात्र सहदेवचा जीव थाऱ्यावर आला. त्याने मांडी घातली, मडक्याच्या बुडाशी पाल्याचा जाड थर दिला, वर शेंगा, वर जाडं मीठ आणि ओवा, पुन्हा पाला. मडकं हलवून थर बसवला.

"काका, थोडं फास्ट," धवल लांबून म्हणाला.

"फास्ट कसं?" सहदेव म्हणाला. "थर बसायला नको? वाफ कोंडली पायजे. पाणी नाय, तेल नाय, शेंगेच्या अंगचंच काय ते."

"छान बोलतात काका, पण हात चालवा."

अर्ध्यात कुणाची तरी सावली पडली. मडकं उपडं केलं, शेंगा सुपात काढल्या, पहिल्यापासून. पुन्हा थर, तेवढ्यात बंडीची बाही मागे सरकली. पुन्हा सुपात. तिसऱ्यांदा तो भरू लागला तेव्हा शेवंती उठली. सकाळपासून तिने लघवी दाबून धरली होती, विचारायचं कुणाला ते कळत नव्हतं. बंगल्याच्या बाईने तिला मागच्या नोकरांच्या संडासाकडे पाठवलं आणि तिथेही रांग होती. ती परत आली तेव्हा मडकं जमिनीवर उलटं झालं होतं, भोवती पेंढा आणि गोवऱ्या रचल्या होत्या आणि सहदेव काडी ओढत होता.

जाळ असा लागला की सगळं अंगण गप्प झालं. समुद्राकडून वारा होता. सहदेव वाऱ्याला पाठ देऊन गोल फिरत होता. जिथे ज्वाळा पडेल तिथे पेंढ्याची मूठ, जिथे उसळेल तिथे काठीने दाब. सकाळचा बावरलेला माणूस कुठे गेला तेच कळेना. नट खुर्चीवरून उठून उभा राहिला. भांबुर्डीचा उग्र वास सुटला आणि शेवंतीला भरून आलं. निलेश हाताची घडी घालून बघत होता. शेजारच्या लाईटवाल्याला तो म्हणाला, "माझे बाबा आहेत."

"कट," धवल ओरडला. "झकास. पॅक अप."

एका क्षणात दिवे विझले, माणसं वायरी गुंडाळायला लागली. निलेश धावत आला. "बाबा, एकदम कडक. डायरेक्टर जाम खूश आहे."

"अजून शिजायचीय," सहदेव म्हणाला.

"तुम्ही बसा निवांत. मी सामान चढवतो."

थांबलं कुणीच नाही. उघडायचा शॉट सकाळीच झाला होता, त्यामुळे ते मडकं आता कुणाच्याच कामाचं नव्हतं. झोपडी मोडली, गाडीचं चाक टेम्पोत गेलं, आणि त्या रिकाम्या अंगणात दोघं म्हातारी जाळ खाली बसायची वाट बघत राहिली. अर्ध्या तासाने सहदेवने ओंजळीत पाणी घेतलं आणि मडक्यावर शिंपडलं. चर्र झालं, थेंब जागच्या जागी उडाले.

"झाली," तो म्हणाला.

शेवंतीने गोणपाटात धरून मडकं आडवं केलं आणि बोळा ओढला. पाला निघाला. त्याच्यामागे आणखी पाला. तिने काठी घालून बुडापर्यंत खरवडलं. करपलेला पाला, आणि त्यात चुकून राहिलेल्या सात-आठ शेंगा, कोळसा झालेल्या.

तिने मागे पाहिलं. पाल्याच्या पिशवीआड सूप होतं आणि सुपात सगळ्या शेंगा होत्या, हिरव्यागार.

"अहो," ती म्हणाली, "शेंगा?"

सहदेवने सुपाकडे पाहिलं, मग मडक्याकडे. "सकाळी उघडली ना," तो म्हणाला. "खाल्ल्या की त्या माणसाने. चांगली शिजलीय म्हणाला."

शेवंती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. तो थट्टा करत होता, की दमला होता, की खरंच तसं समजत होता, तिला काही केल्या उमगेना. दिवाळीनंतरचं ते पातेलं तिच्या डोळ्यासमोर आलं. पण मग तिला वाटलं, ज्यांनी आधी उघडून मग भरायला लावलं त्यांच्यात शहाणं कोण होतं? गार्गी गाडीकडे चालली होती. शेवंतीने तिला गाठलं.

"पोरी, तिसऱ्या वेळी मडकं भरू नका असं तू सांगितलंस का यांना?"

गार्गी थांबली. "भरायची गरज नव्हती तशी, उजेड जात होता. मी म्हटलं असेन की आजी, की राहू दे, नुसतं बंद करा." ती विचारात पडली. "की म्हणणार होते आणि राहिलं? दिवसभरात मी किती जणांना काय काय सांगते, मलाच आठवत नाही. का, काही झालं का?"

"नाय," शेवंती म्हणाली.

ती परत आली, सुपातल्या शेंगा गोणीत ओतल्या आणि गोणीचं तोंड बांधलं. तेवढ्यात निलेश आला. "कशी झाली? दे ना मला मूठभर."

"संपली," शेवंती म्हणाली. "माणसं कमी होती काय. उडवली सगळी."

"वाट लावली यार, मला एक ठेवली नाही." निलेश हसला. खूप दिवसांनी त्याने बापाच्या खांद्यावर हात टाकला. "उद्यापासून कडी नाही हं, आई. शब्द म्हणजे शब्द."

सहदेव विझत्या राखेकडे बघत होता.

दुसऱ्या दिवशी निलेश आणि ऋतिका गेल्यावर शेवंतीने अंधेरीला फोन करून उशीर होईल म्हणून सांगितलं. मग तिने जाड बुडाचं पातेलं काढलं, उरलेला पाला आणि गोणी सहदेवसमोर ठेवली. "भरा," ती म्हणाली. "कुणी घाई करायला नाय."

तो भरत होता आणि ती बघत होती. पाला, शेंगा, मीठ, ओवा, पाला. मधे एकदा त्याचा हात थांबला तेव्हा ती पुढे वाकली, पण तो ओवा चुरत होता. झाकण लावून वर वरवंटा ठेवला, गॅस अगदी बारीक केला. पाऊण तास दोघं पाटावर बसून राहिली. राधाने दारात डोकावून विचारलं, "कसला गं वास, मावशी?" सहदेवने झाकणावर पाणी शिंपडलं, चर्र झालं, त्याने स्वतः उठून गॅस बंद केला.

शेंगा मऊ लोण्यासारख्या झाल्या होत्या. शेवंतीने एक मूठ राधाला दिली, एक वाटी निलेशला झाकून ठेवली. सहदेव सोलून एकेक दाणा सावकाश खात होता. "मीठ बरोबर पडलंय," तो म्हणाला.

तिला इतकं बरं वाटलं की तिने विचारून टाकलं. "काल काय झालं हो?"

त्याने हातातली शेंग खाली ठेवली. "पहिल्यांदा वाटलं, भरलंय. मग वाटलं, ती पोरगी भरू नका म्हणाली. जाळ लागल्यावर वाटलं, कुणाला तरी विचारावं." त्याने शेंग पुन्हा उचलली. "पण सगळे कसे बघत होते गं माझ्याकडे. निलेशपण बघत होता. मग नाय विचारलं."

शेवंतीने साली गोळा केल्या. साडेदहा होत होते. तिने गॅस खाली सिलिंडरवरून बंद केला, पिशवी घेतली, बाहेर येऊन दार नुसतं ओढून घेतलं. कडी लोंबत राहिली. ती जिन्यापर्यंत पोचली असेल, आतून हाक आली.

"अगं."

ती दारापाशी आली. "काय हो?"

"कडी लावली नायस."

"आता नाय लावायची. निलेशने सांगितलंय ना काल, तुमच्यासमोर."

त्याचा आवाज आला, अगदी दाराला लागून.

"लाव गं. आणि ओढून बघ एकदा. पंचवीस वर्षं मी ओढून बघितल्याशिवाय गेटवरनं हललो नाय."

शेवंतीने कडी लावली. जिन्याच्या दोन पायऱ्या ती उतरलीही. मग परत आली आणि त्याला ऐकू जाईल अशी ओढून पाहिली.